चेक कुणाच्या नावावर?

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीच्या सरकारी अनुदानाचा विषय निघाला की आपण दोनच प्रश्न विचारतो : रक्कम किती आणि ती केव्हा मिळणार? आज आम्ही तिसरा प्रश्न मांडणार आहोत. ती कुणाच्या नावावर निघते? त्यासाठी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या पॉइनसेट काउंटीची हकिकत सांगतो. काउंटी म्हणजे आपल्याकडचा छोटा जिल्हा समजा.

१९३३ साली कापसाचे भाव कोसळले होते. रूझवेल्ट सरकारने मे महिन्यात कायदा केला : पीक कमी करा, पडीक ठेवलेल्या जमिनीचा मोबदला सरकार देईल. त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरच्या उभ्या कापसावर नांगर फिरला.

पण त्या मुलखात कापूस पिकवणारा एक आणि जमिनीचा मालक दुसरा. पिकवणारे अर्धलीने कसणारे वाटेकरी होते, काळे आणि गोरेही. घर, खेचर, बियाणे मालकाचे. पीठमीठही त्याच्याच दुकानातून उधारीवर. सरकारचा करार मात्र मालकाशी आणि चेकही मालकाच्या नावे. १९३४-३५ च्या करारात दर पौंडामागे साडेचार सेंट ठरले, त्यांतला वाटेकऱ्याचा वाटा अर्धा सेंट! तोही मालकाने द्यायचा. पुष्कळदा तो उधारीच्या खात्यातच वळता होई.

तक्रार करायची तर काउंटी समितीकडे, आणि समितीवर बहुतेक मोठे मालकच. साहेबाविरुद्धचा अर्ज ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ साहेबामार्फतच पाठवण्याची आपली रीत आठवा.

लागवड घटली तसे वाटेकरीही नकोसे झाले. ‘शक्य तोवर’ त्यांना ठेवावे, असे करारात होते. या दोन शब्दांच्या फटीतून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर फेकली गेली. जुलै १९३४ मध्ये टायरॉन्झा गावाजवळच्या एका शाळेत ११ गोरे आणि ७ काळे एकत्र बसले आणि त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. त्या काळी त्या भागात काळ्या-गोऱ्यांनी एका युनियनमध्ये बसणे, ही गोष्ट साधी नव्हती. सभासदांना मारहाण झाली, घरे सोडावी लागली. तरीही १९३५ च्या वेचणीत त्यांनी संप केला. शंभर पौंडांना १ डॉलर मागितला, पुष्कळ ठिकाणी पाऊण डॉलर पदरात पडला.

वॉशिंग्टनमध्ये मात्र वाटेकऱ्यांच्या बाजूने कराराचा अर्थ लावणाऱ्या सरकारी वकिलांना फेब्रुवारी १९३५ मध्ये नोकरीवरून काढले. त्याच वर्षी युनियनला हक्क देणारा मोठा कामगार कायदा झाला. त्यातून शेतमजूर वगळले! पुढे वाटेकऱ्याचा वाटा थेट त्याच्या नावे निघू लागला, तेव्हा अनेक मालकांनी वाटेकरीच काढून रोजंदारीची माणसे लावली.

आता आपल्याकडे पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये सातबारावर नाव असलेल्याला मिळतात. खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्याला आणि शेतमजुराला त्यात जागा नाही. आपल्या टपाल खात्यातले ग्रामीण डाक सेवक हे हप्ते गावोगाव काढून देतात. पैसे कोणत्या दारी पोचतात आणि कोणत्या दारी नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? त्यांनी ते येत्या शाखा बैठकीत सांगावे, अशी आमची विनंती आहे.