एकराचे चाळीस गुंठे आणि अपूर्णांकांची बेरीज



आज अपूर्णांकांच्या बेरजेबद्दल बोलणार आहे. घरात चौथी-पाचवीचं मूल असेल तर त्याला जवळ बसवा. चौकटीची वही आणि पेन्सिल हाताशी असू द्या. विषय डोळ्यांनी पाहण्याचा आहे आणि मी रेडिओवरून बोलतोय, तेव्हा चित्रं तुम्हालाच काढावी लागतील.

पाचवीच्या वर्गात फळ्यावर ‘एक छेद दोन अधिक एक छेद तीन’ असं गणित मांडलं, की बरीच मुलं उत्तर देतात दोन छेद पाच. वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. आपण त्यावर लाल फुली मारतो आणि सांगतो, लसावि काढ. मूल लसावि काढतं, सहा येतो, पाच छेद सहा लिहितं, शाबासकी मिळवतं. काही दिवसांनी तेच गणित पुन्हा घाला, दोन छेद पाच परत हजर! कारण पहिलं उत्तर कुठे चुकलं ते त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

ते असं दाखवता येतं. वहीत दहा चौकटींची एक पट्टी आखा आणि तिचा अर्धा भाग रंगवा. पाच चौकटी रंगल्या. तिच्या खाली तेवढीच दुसरी पट्टी आखा आणि तिचा दोन छेद पाच भाग रंगवा. किती झाल्या? चार. म्हणजे अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं! इथे मोठ्यांनी गप्प राहावं. मूल दोन्ही पट्ट्यांकडे आळीपाळीने बघतं आणि स्वतःच म्हणतं, ‘हे कसं होईल?’ तुकडे मोजले, पण तुकडा केवढा आहे ते पाहिलं नाही, हे त्याला उमगायला लागतं.

तक्त्यांवर अपूर्णांक बहुतेक गोलात दाखवतात, भाकरी नाहीतर केक. अर्ध्यासाठी आणि पाव भागासाठी गोल चांगला. पण त्या गोलाचे पाच सारखे भाग हाताने करून पाहा, मोठ्या माणसालाही जमत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की बेरजेसाठी चौकोनच घ्यावा. आणि आपल्या संगमनेर तालुक्यातल्या मुलाला तो चौकोन शोधायला लांब जावं लागत नाही. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असले, तरी प्रवराकाठचा ऊस असो की पठारावरची बाजरी, घरात बोलणं एकर-गुंठ्यांतच होतं. एकराचे गुंठे ४०, आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौरस. वहीची एक चौकट म्हणजे एक गुंठा धरा. आडव्या ८ आणि उभ्या ५ चौकटी आखल्या, की वहीत एक एकर रान तयार.

आता या रानाच्या पाव भागात टोमॅटो लावायचा आणि एक पंचमांशात कांदा. एकूण किती रान गुंतलं? टोमॅटोसाठी उभ्या दोन ओळी लाल करा, १० गुंठे. कांद्यासाठी आडवी एक ओळ निळी करा, ८ गुंठे. नीट पाहा, दोन चौकटींत लाल आणि निळा असे दोन्ही रंग आले आहेत. रंगलेल्या चौकटी नुसत्या मोजल्या तर १६ भरतात, १८ नाही. इथे वर्गात हमखास वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. कुणी म्हणतं १६ बरोबर, कुणी म्हणतं एका जागी दोन पिकं कशी? शेवटी एखादी मुलगी म्हणते, कांद्याच्या त्या दोन चौकटी उचलून शेजारच्या मोकळ्या रानात ठेवू. ठेवल्या की १८ गुंठे झाले, ४० पैकी १८. पाव आणि एक पंचमांश ही दोन वेगळ्या मापांची वाटणी होती. गुंठ्यात आणल्यावर दोन्हींचं माप एक झालं आणि साधी बेरीज करता आली. समच्छेद करणं म्हणतात ते हेच.

पुढची अडचण बेरीज एकाच्या वर गेली की येते. तीन छेद चार अधिक दोन छेद पाच घ्या. ३० गुंठे आणि १६ गुंठे, एकूण ४६. एका एकरात मावत नाहीत, म्हणून मुलं शेजारी दुसरा एकर आखतात आणि सहा चौकटी तिकडे रंगवतात. इथपर्यंत ठीक. पण उत्तर लिहिताना समोर दिसतात ८० चौकटी, आणि वहीत उतरतं ४६ छेद ८०. एकापेक्षा मोठं उत्तर निम्म्याच्या आसपास आलं! अशा वेळी नियम सांगू नका. एवढंच विचारा, ‘बाबांनी किती रान केलं असं गावात सांगशील?’ शेतकऱ्याचं पोर लगेच म्हणतं, एक एकर सहा गुंठे. बरोबर. छेद ४०च राहिला, कारण आपलं ‘पूर्ण’ एक एकर आहे. कागदावर दोन एकर काढले म्हणून ते बदलत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केली होती. बाजारात त्यांचा हिशेब तोंडावर असायचा, आणि त्या पाठांतराबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या पाढ्यांत तिसरा, पाचवा, सातवा भाग नव्हता. तिथे चित्रच हवं.

असाच पाचवा आणि तिसरा भाग असलेलं भुंग्यांचं एक गणित भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात आहे.   गणित असं: भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग एका फुलावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर. या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर गेली, आणि एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती? मुलांना चिंचोके द्या. पाच सारख्या आणि तीन सारख्या वाटण्या करता येतील इतके चिंचोके त्यांनाच निवडू द्या. १५ घेतले, की पाचवा भाग ३, तिसरा भाग ५, फरक २, त्याची तिप्पट ६. बेरीज १४, एक शिल्लक. आठशेहून जास्त वर्षांपूर्वीचं हे गणित पाचवीचं मूल सतरंजीवर बसून सोडवतं.

आता पुन्हा आपल्या एकराकडे वळू. अर्धा, पाव, पाचवा, आठवा, दहावा हे सगळे भाग ४० गुंठ्यांत चपखल बसतात. मग मुलांना एकराचा तिसरा भाग आणि पाव भाग मिळवायला सांगा. पाव भाग १० गुंठे, पण तिसरा भाग रंगवताना १३ चौकटी होतात आणि चौदावी फोडावी लागते. मुलं खोडरबर घेतात, पुसतात, पुन्हा आखतात. कुणी २४ चौकटींचं रान काढून बघतं, कुणी ३६ चौकटींचं, आणि एखाद्याच्या लक्षात येतं की १२ चौकटींतही भागतं. तिसरा भाग ४ चौकटी, पाव भाग ३, मिळून ७ छेद १२. मग कुणीतरी विचारतं, सर, कमीत कमी किती चौकटींचं रान आखायचं हे आधीच कसं कळेल? हा प्रश्न वर्गातून आला, की लसावि फळ्यावर लिहायला घ्यावा.