घरातला छापखाना


सीडी 'जाळतात' म्हणजे काय, हे मला एका दुरुस्तीवाल्या पोराने शिकवले. कारखान्यातल्या सीडीवर साच्याने दाबून सूक्ष्म खळगे पाडलेले असतात. कोऱ्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो. राइटरमधला लेसर किरण जेथे जोराने पडतो तेथे रंग करपतो, आणि प्रकाश कमी परततो. वाचताना तसलाच किरण मंद ठेवतात. डाग आणि मधली कोरी जागा यांतून गाणे उलगडते. अशी ८० मिनिटे त्या चकतीत मावतात.

१९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा ती काढायला कारखानाच लागे. वीसेक वर्षांत तो कारखाना टेबलावर आला. मक्तेदारी मोडली म्हणून मला कोण आनंद!

२००३ साली आम्ही एका शाहिराची गाणी शंभर सीडींवर उतरवून द्वारसभेत वाटली. त्याला दिले काय? चहा. मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्धचीच गाणी होती ती! जर्मनीने १९६५ सालीच ध्वनिमुद्रण यंत्रांवर निर्मात्या-कलावंतांसाठी आकारणी बसवली होती. कॅनडाने १९९७ च्या कायद्याने कोऱ्या माध्यमांवर बसवली. आम्हाला ते सुचले नाही.

पुढल्या सभेला शाहीर डफ घेऊन आला, आणि संकोचत म्हणाला, "साहेब, एखादी शिल्लक आहे का? घरी ऐकवीन म्हणतो."