मॉडमध्ये काय बदललं, ते खेळणाऱ्याला कळू द्या!

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढे ढकलतील. चेंजलॉग! म्हणजे मॉडच्या प्रत्येक आवृत्तीत काय बदललं, याची नोंद. पण थांबा, कुणाची तरी शंभर तासांची मेहनत या नोंदीवर अवलंबून असते.

उदाहरण घेऊ फॅक्टोरिओचं. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरचा हा कारखाने उभारायचा गेम; 2020 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. समजा, तुम्ही चौघं मिळून त्याचा एक मॉड बनवताय. एकाने एका मशीनचं कोडमधलं नाव बदललं. त्याला वाटलं, नुसतं नाव तर आहे! पण जुनी सेव्ह उघडताना गेम ते मशीन जुन्याच नावाने शोधतो. नाव सापडलं नाही, की मशीन नकाशावरून गायब. यावर उपाय आहे, मायग्रेशन फाइल. 'जुनं नाव हे, नवं नाव हे' एवढं तिच्यात सांगितलं की मशीन जागच्या जागी राहतं. पण ती फाइल हवी आहे, हे बाकी तिघांच्या लक्षात येणार कसं? बदलाची नोंद दिसली तरच ना!

आता नोंद लिहायची कशी? 'किरकोळ दुरुस्त्या केल्या' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. त्याऐवजी लिहा, 'पंपाचा वेग निम्मा केला, कारण सुरुवातीलाच गेम फार सोपा होत होता. जुन्या कारखान्यात पंप वाढवावे लागतील.' काय बदललं, का बदललं आणि खेळणाऱ्याने काय करायचं, तिन्ही गोष्टी आल्या. गिटमधले कमिट मेसेज जसेच्या तसे चिकटवू नका. ते टीमसाठी असतात, चेंजलॉग खेळणाऱ्यासाठी.

टीमसाठी एक नियम पुरतो: बदल आणि त्याची नोंद एकत्रच पाठवायची. 'रिलीजच्या दिवशी लिहू' म्हटलं, की निम्मं विसरलंच म्हणून समजा. आता सगळेच एका फाइलच्या त्याच ओळींवर लिहायला लागले, तर मर्ज करताना भांडणं होणार. म्हणून प्रत्येकाने आपली नोंद छोट्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. रिलीजच्या वेळी एकाने त्या गोळा करून 'नवीन', 'बदल', 'दुरुस्ती' अशा गटांत लावायच्या. सेव्ह बिघडवू शकणारा बदल मात्र सगळ्यात वर!

आणि हो, फॅक्टोरिओत या फाइलचा साचा फार कडक आहे. प्रत्येक आवृत्तीच्या आधी बरोबर 99 डॅशची ओळ लागते. मोकळी जागा स्पेसनेच सोडायची, टॅब चालत नाही. साचा चुकला, तर गेम ती फाइल वाचत नाही आणि तुमची मेहनत गेममध्ये दिसतच नाही.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या मॉडची शेवटची नोंद टीमबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचायला द्या. त्याने 'बरं, मग मी काय करू?' असं विचारलं, तर ती नोंद पुन्हा लिहा.

चला, भेटू पुढच्या भागात!