सर्व संतांचा दिवस आणि घरची सुईदोरी

नोव्हेंबरची पहिली तारीख हा रोमन कॅथॉलिक पंथाच्या ख्रिस्ती लोकांत सर्व संतांच्या स्मरणाचा दिवस मानला जातो. ज्या संतांच्या नांवानें वर्षांत स्वतंत्र सण होतो त्यांचें तर स्मरण या दिवशीं होतेंच. परंतु ज्यांचीं नांवें कोणत्याही पोथींत नमूद नाहींत अशा पुण्यात्म्यांचेंही होतें. इ. स. ७३१ ते ७४१ या काळांत पोप असलेल्या तिसऱ्या ग्रेगरीनें रोम येथें सर्व संतांच्या नांवानें एक प्रार्थनामंदिर अर्पण केलें, तेथपर्यंत या सणाचा इतिहास मागें जातो. लगेच दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २ नोव्हेंबरला, सर्व मृतांचें स्मरण असतें, आणि घरोघरचीं माणसें फुलें व मेणबत्त्या घेऊन दफनभूमीवर जातात. संत आणि घरचीं गेलेलीं माणसें यांचे दिवस असे शेजारीं शेजारीं आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या सणाच्या आदल्या रात्रीचें इंग्रजी नांव आखडत आखडत ‘हॅलोवीन’ झालें. त्या रात्रीं अमेरिकेंत मुलें भुताखेतांचीं सोंगें घेऊन दारोदार हिंडतात. तेथील अनेक कॅथॉलिक कुटुंबांनीं मुलांना भुताऐवजीं संतांचा वेष देण्याची चाल पाडली. पॅरिस शहरांत २००२ सालीं ‘होलीविन्स’ नांवाचा असाच उत्सव सुरू झाला. आतां मुंबईच्या व वसईच्या चर्चांतूनही धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें संतांच्या वेषांत येतात, आणि आपण कोण, कोठले, काय केलें, हें दोनचार वाक्यांत सांगतात.

आतां प्रश्न येतो तो वेषाचा. शहरांत भाड्यानें पोशाख देणारीं दुकानें पुष्कळ आहेत. तेथें राजा, शिपाई, फुलपांखरूं आणि परी यांच्या शेजारीं ‘संत’ या नांवाचा एक झगाही टांगलेला असतो. तो बहुधा पांढरा व चकचकीत असून त्याला सोनेरी कांठ असतो. कोणत्याही संताला तो चालतो, आणि म्हणूनच तो कोणत्याही संताचा नसतो.

वसईकडील एका घराचीच गोष्ट घ्या. त्या घरांतील आठ वर्षांच्या मुलानें संत गोन्सालो गार्सिया व्हावयाचें ठरविलें. निवड योग्यच होती, कारण हे संत वसईचेच. १५५६ च्या सुमारास त्यांचा येथें जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई इकडचीच. तरुणपणीं ते जपानांत गेले, तेथील भाषा शिकले, आणि पुढें पूर्वेकडील बंदरांतून व्यापार करून त्यांनीं पैसाही चांगला मिळविला. परंतु तो सर्व सोडून मनिला येथें ते संत फ्रान्सिसच्या संघांत बंधु म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरु कधींच झाले नाहींत. साधे सेवक राहिले. पुढें दुभाषी म्हणून ते पुनः जपानांत गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें ज्या सव्वीस जणांना क्रुसावर देऊन भाल्यांनीं भोसकण्यांत आलें, त्यांत तेही होते. त्या सव्विसांत एक मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. १८६२ सालीं नवव्या पायस पोपनें या सर्वांना संतपद दिलें. भारतांत जन्मलेले पहिले संत ते हेच.

मुलाच्या आईनें वेळ नाहीं म्हणून दुकानांतील सोनेरी कांठाचा झगा आणला. मुलगा आनंदला. परंतु आजीनें तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “अगं, ज्यानें पैसा सोडला त्याच्या अंगावर ही जर कशाला?” आईला तें पटलें; पण तपकिरी कापड आतां आणावें कोठून? घरांत तसें एकच होतें. आजोबांची तपकिरी, जाड, सुती चादर. पहांटे वाडीला पाणी सोडावयास जातांना ते ती अंगावर घेत. ते जाऊन तीन वर्षें झालीं होतीं, आणि चादर पेटींत घडी करून ठेवलेली होती.

आईनें चादर मागितली नाहीं. आजीनेंच ती काढली. आई म्हणाली, “आई, कापावयाची नको. धांवदोरा घालूं, मग उसवून पुनः घडी करूं.” आजीनें थोडा विचार केला. मग ती म्हणाली, “कातर लाव. पेटींत कसर खाते, त्यापेक्षां पोराच्या अंगावर झिजूं दे.”

असा झगा करण्याची रीत फार सोपी आहे. कापड दुमडून घडी खांद्यांवर येईल असें जमिनीवर पसरावें. मुलाला त्यावर हात पसरून उताणें निजवावें आणि भोंवतीं खडूनें सैल रेघ आखावी. रेघेबाहेर दोन बोटें सोडून कापावें व बाजू शिवाव्या. गळा आरंभीं लहानच ठेवावा. लहान गळा मोठा करतां येतो, मोठा लहान करतां येत नाहीं. डोकें जाण्यापुरती पुढें चिरणी द्यावी. घेर घोट्याच्या चार बोटें वर असावा, म्हणजे पायरी चढतांना मूल अडखळत नाहीं. कंबरेस जाड सुती दोरी बांधून तिच्या लोंबत्या टोकास तीन गांठी माराव्या. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन हीं तीन व्रतें त्या गांठींनीं दर्शविलीं जातात. गांठ मारतां मारतां मूल विचारतें, “तीनच कां?” हा प्रश्न भाड्याच्या पोशाखांतून कधींच निघत नाहीं.

खरें पाहतां संताची ओळख वस्त्राच्या किंमतीवरून पटत नाहीं, एखाद्या खुणेवरून पटते. संत पीटरला पुठ्ठ्याच्या दोन किल्ल्या पुरतात. संत जोसेफला घरांतील कर्वत वा रंधा शोभतो, पण मुलाच्या हातीं तोही पुठ्ठ्याचाच द्यावा. तूरच्या संत मार्टिननें आपला झगा तरवारीनें कापून अर्धा भिकाऱ्यास दिला. त्यासाठीं खांद्यावर अर्धेंच पांघरूण लागतें. २०१६ सालीं संतपद लाभलेल्या मदर तेरेसांसाठीं आईची जुनी पांढरी ओढणी आणि निळ्या फितीच्या तीन पट्ट्या बस्स होतात; त्यांतील कडेची पट्टी मात्र रुंद असावी. २०२५ सालीं संतपदास चढलेला कार्लो आकुटिस हा मुलगा २००६ सालीं पंधराव्या वर्षीं वारला. त्याचा वेष म्हणजे जीन्सची विजार आणि खेळाचे बूट. त्याला सुई देखील लागत नाहीं!

वसईच्या त्या मुलाला मात्र भाला हवा होता, आणि क्रूसही. सणाच्या दिवशीं लेंकराच्या अंगाशीं शस्त्र लावावें, हें आईच्या जिवावर येई. उपाय पुनः आजीनेंच काढला. धर्मासाठीं प्राण देणाऱ्या संतांच्या हातीं चित्रकार झावळी देतात. ती विजयाची खूण होय. झावळ्यांच्या रविवारीं ती प्रत्येक मुलाच्या हातीं असतेच, आणि वसईंत माडांना काय तोटा? अंगणांतील एक कोंवळी झावळी कापली, तिचीं टोकें सारखीं केलीं, आणि भाल्याचें काम झालें. झग्याचे भाडें मात्र फुकट गेलें.

चर्चच्या सभागृहांत त्या दिवशीं सोनेरी कांठाचे झगे पुष्कळ होते. आपला तपकिरी झगा पाहून मुलगा क्षणभर मागें सरला, हें आईच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्याची पाळी आली तेव्हां त्यानें पाठ केलेलें धडाधड म्हटलें: “मी गोन्सालो गार्सिया. मी वसईचा. माझ्याजवळ पैसा होता, तो मी सोडला.” येथें तो अडला. पुढचें वाक्य आठवेना. मग झग्याची बाही धरून तो म्हणाला, “हा माझ्या आजोबांचा आहे.” मुलें हंसलीं. आजी हंसली नाहीं. तिनें पदरानें डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशीं सर्व मृतांचें स्मरण होतें. घरचीं माणसें फुलें घेऊन दफनभूमीवर निघालीं, तेव्हां मुलानें तोच झगा पुनः घालण्याचा हट्ट धरला, आणि आजीनें तो मोडला नाहीं. गुडघ्यापाशीं आदल्या दिवशींचा चिखल लागला होता, तो तसाच होता.

श्रोतेहो, संतांच्या कथा मुलांना सांगणारीं पुस्तकें पुष्कळ मिळतात. परंतु जी कथा मुलाच्या अंगाच्या मापानें बेतली जाते, जिच्या गांठी तें स्वतः मारतें आणि जिच्या कापडाला घरांतल्या माणसाचा वास असतो, ती तें सहसा विसरत नाहीं. तेव्हां पुढील वर्षीं हा दिवस जवळ आला कीं आईबापांनीं दुकानाची वाट धरण्यापूर्वीं घरची जुनी पेटी एकदां उघडून पाहावी.