पिंप, पेला आणि रोलर



कामगार-चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही चित्रकलेविषयी बोलणार आहोत, तेही तिच्या एका कोपऱ्याविषयी: गोल तोंडाची वस्तू कागदावर कशी उतरवावी. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे सारे वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले.

१९९८ साली एका कारखान्यात आमच्या एका सभासदाचा हात दोन रोलरांच्या मध्ये गेला. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आडोसा हवा, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २१ सांगत होते. तिथे तो नव्हता. आत फोटो काढू देईनात, म्हणून आम्ही आठवणीने आकृती काढून चौकशीत दिली. समोरच्या वकिलांनी ती उचलली आणि शांतपणे विचारले, "यातला रोलर सरळ आहे की कललेला? फट नेमकी कुठे?" आम्हांला सांगता येईना. भरपाई मिळाली, पण तडजोडीची. मागितली होती तिच्याहून पुष्कळ कमी.

बाहेर आल्यावर एका वृद्ध टर्नरने ती आकृती पाहिली. म्हणाला, "भाऊ, हे तोंड आसावर बसलेलंच नाही. असा रोलर फिरवलात तर बेअरिंग जळेल." रोलर तिरका मागे जात होता आणि आम्ही त्याच्या तोंडाचा दीर्घअक्ष उभाच्या उभा ठेवला होता. पुढे पुस्तकात वाचले ते हेच: लंबवर्तुळाचा लघुअक्ष रोलरच्या आसाच्या रेषेत, दीर्घअक्ष त्याला काटकोनात. टर्नरने पुस्तक वाचले नव्हते.

मग रोज रात्री, जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आम्ही सराव सुरू केला. पेला डोळ्यांच्या पातळीवर धरा, तोंडाची नुसती रेघ होते. खाली न्या, तोंड उघडत जाते. म्हणूनच जमिनीवरच्या पिंपाचे बूड त्याच्या तोंडाहून अधिक गोल दिसते. आम्ही कित्येक महिने बूड सपाट रेघेने काढीत होतो, कारण पिंप सपाट जमिनीवर आहे हे आम्हांला ठाऊक होते! लंबवर्तुळाची टोकेही आमच्या हातून शेंगेसारखी निमुळती व्हायची. ती गोलच हवीत. हात मनगटातून न फिरवता खांद्यापासून फिरवू लागलो, तेव्हा कुठे ती वळली. वर्तुळाचा मध्यही लंबवर्तुळाच्या मध्यावर पडत नाही, किंचित पलीकडे पडतो. जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो ना! हे आमच्या गळी उतरायला सर्वांत वेळ लागला. ड्यूररसारख्या थोर जर्मन चित्रकारानेही १५२५ च्या आपल्या भूमितीच्या ग्रंथात शंकूचा तिरका छेद अंड्यासारखा काढला आहे. शंकू खाली रुंद, तेव्हा छेदही खाली रुंद असणार, असे त्याला वाटले. हे वाचून आम्हांला, खोटे कशाला सांगा, बरे वाटले.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे; पण पुष्कळ कारखान्यांत तो फाटकावरच ठेवून घेतात. म्हणून शाखेच्या कचेरीत आम्ही नव्या सभासदांकडून आधी पिंप काढवून घेतो, मग रोलर, मग आडोशाची जागा.

येथे फळा आहे, खडू आहे, आणि अध्यक्षमहाराजांसमोर पाण्याचा पेला आहे. तो आता काढतो. चुकले तर मध्येच सांगावे. सभेत टर्नर कोणी असतीलच.