रक्तातली जात

गिरणीत आम्हाला ऐकवायचे, जात रक्तातच असते. उत्तर सुचायचं नाही, म्हणून पुस्तकं धुंडाळली. आपल्या जुन्नरच्या लेण्यांत यवन इरिल, यवन चंद यांची दानं कोरलेली आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथं परमुलखाचे लोकही होतेच की! २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जनुकं तपासली. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथले लोक सर्रास एकमेकांत मिसळत होते; पुढं जातीतच लग्नं होऊ लागली. लेणी खोदली जात होती त्याच सुमाराला दारं बंद झाली. बंद गटात तीच ती जनुकं फिरतात. आईबाप दोघांकडून एकच सदोष जनुक आलं, की मूल आजारी निघतं. आमच्या आंबेगावकडं मात्र सोयरिकीला पहिली मामाचीच पोरगी आठवते. आम्हीही तेच केलं, तेव्हा सांगणार कोण?