आघाडीच्या खेळाडूस ठेवावें कीं काढावें?

(महोत्सवानिमित्त भिगवण येथें केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या दिवशीं मागील पिढीचें गुणगान करण्याचा प्रघात आहे. तें काम माझ्याआधीं बोललेल्या वक्त्यांनीं इतक्या उत्तम रीतीनें केलें आहे कीं, त्यांत मीं भर घातल्यास जेवणास उशीर होण्यापलीकडे कांहीं निष्पन्न होणार नाहीं. म्हणून पुढील पिढीविषयीं बोलण्याची मला परवानगी असावी. विषय लहान आहे. काल सायंकाळीं पटांगणाच्या कडेस आपल्या हॉकी संघाच्या मंडळींचा वाद चालला होता, तो मीं ऐकला. आघाडीच्या फळींतील एक तरुण खेळाडू अंगीं गुण असूनही कित्येक महिने कामगिरी दाखवीत नाहीं. त्यास संघांत ठेवावें कीं काढावें, असा तो वाद होता. त्याचें नांव मी घेणार नाहीं. तो येथें हजर आहे कीं नाहीं हेंही मीं मुद्दाम पाहिलेलें नाहीं.

एक पक्ष म्हणत होता, "त्याच्या काठींत जादू आहे, त्यास हात लावूं नका." दुसरा म्हणत होता, "जादू आहे तर ती दिसत कां नाहीं? त्या एका जागेसाठीं बाहेर चार मुलें ताटकळत आहेत." मला दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें वाटलें, आणि म्हणूनच रात्रीं झोंप लागली नाहीं.

झोंप न लागण्यास दुसरेंही एक कारण होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका संघाच्या निवडमंडळांत होतों. संघाचें नांव सांगत नाहीं. असाच एक पोरगा आमच्याकडे होता. उजव्या बगलेनें चेंडू घेऊन तो निघाला कीं प्रेक्षक उठून उभे राहत, आणि गोलापाशीं पोंचला कीं त्याचे हात कांपत. सबंध मोसमांत त्याचे तीनच गोल झाले. आम्हीं चौघांनीं बसून त्यास वगळलें. मतें घेतलीं तेव्हां माझा हात वर होता. तो निर्णय चुकीचा होता असें मी आजही म्हणत नाहीं. परंतु ज्या रीतीनें आम्हीं तो अमलांत आणला ती रीत वाईट होती. फळ्यावर यादी लावली, तींत त्याचें नांव नव्हतें, एवढेंच. त्यास कोणीं बोलावलें नाहीं, काय कमी पडलें तें सांगितलें नाहीं, परत येण्यास वाट आहे कीं नाहीं हें कळविलें नाहीं. तो यादीपुढें कांहीं वेळ उभा राहिला, सायकलीस बांधलेली काठी सोडून त्यानें भिंतीशीं ठेविली, आणि निघून गेला. ती काठी पुढें तीन पावसाळे तेथेंच होती. म्हणून हा विषय मला वाटतो तितका लहान नसावा.

प्रथम मापाची गोष्ट बोलूं. आघाडीचा खेळाडू म्हटला कीं आपण त्याचे गोल मोजतों. हें माप सोपें आहे, परंतु तें अपुरें आहे. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें भारतानें कांस्यपदक मिळविलें; त्या स्पर्धेंत भारताचे एकंदर १५ गोल झाले. त्यांपैकीं १० एकट्या हरमनप्रीत सिंग याचे, आणि तो तर बचावफळीचा खेळाडू! पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक हें त्याचें काम. आघाडीच्या सगळ्या खेळाडूंच्या नांवावर मिळून अवघे ४ गोल लागले. मग ते सारे निकामी ठरले काय? पेनल्टी कॉर्नर आभाळांतून पडत नाहींत. कोणीतरी चेंडू घेऊन वर्तुळांत घुसतो, प्रतिपक्षाच्या बचावास चुकावयास लावतो, तेव्हां कॉर्नर मिळतो. आणि टाळ्या मात्र फटका मारणाऱ्यास. तेव्हां आपल्या खेळाडूविषयीं विचारावयाचें तें असें, कीं त्याच्यामुळें कॉर्नर किती मिळाले? चेंडू हातचा गेल्यावर तो मागें धांवतो काय? मीं त्याचे तीन सामने पाहिले आहेत. कॉर्नर तो मिळवितो. परंतु चेंडू गेला कीं कमरेवर हात ठेवून उभा राहतो. माझ्या मतें त्याचा खरा दोष हा आहे, गोल न होणें हा नव्हे. गोल न होणें हें कित्येकदां नशिबावर असतें. उभें राहणें हें नसतें.

आतां या प्रश्नाचें एक मोठें उदाहरण सांगतों. अमृतसर जिल्ह्यांतील दिलप्रीत सिंग हा आघाडीचा खेळाडू २०१८ च्या आरंभीं भारताच्या मुख्य संघांत आला, तेव्हां त्याचें वय अठरा वर्षांचें होतें. एका वर्षांत राष्ट्रकुल स्पर्धा, चँपियन्स ट्रॉफी, आशियाई स्पर्धा आणि भुवनेश्वरचा विश्वचषक हें सर्व त्याच्या वाट्यास आलें. इतक्या कोवळ्या वयांत इतकें मिळणें हें बरें कीं वाईट, याविषयीं मला शंका आहे. विश्वचषकांत भारतानें ४ सामन्यांत १३ गोल केले. त्यांत दिलप्रीतचा एकही नव्हता. उपांत्यपूर्व फेरींत नेदरलंड्सकडून २–१ असा पराभव झाला, आणि पुढील वर्षीं दिलप्रीत मुख्य संघाबाहेर गेला.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तो संघाबाहेर गेला तरी हॉकीबाहेर गेला नाहीं. त्यास कनिष्ठ संघांत खेळावयास लावलें. ज्यानें विश्वचषक पाहिला त्यानें पुन्हां पोरांबरोबर खेळावयाचें, हा घोट कडू होता खरा. पण तो घोट होता, विष नव्हे. २०२१ सालीं तो परत आला. टोकियो येथें १ ऑगस्ट रोजीं ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यांत सातव्या मिनिटास पहिला गोल केला तो त्यानेंच. तो सामना भारतानें ३–१ जिंकला, आणि चार दिवसांनीं जर्मनीस ५–४ हरवून ४१ वर्षांनीं ऑलिंपिकचें पदक घरीं आणलें.

कथा येथें संपती तर सांगावयास सोयीची झाली असती. परंतु पॅरिसच्या संघांत दिलप्रीतची निवड झाली नाहीं. दुसऱ्यांदां बाहेर! मग ७ सप्टेंबर २०२५ रोजीं बिहारांत राजगीर येथें आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. भारतानें दक्षिण कोरियास ४–१ हरविलें, आणि त्यांतले दोन गोल दिलप्रीतचे होते. त्यास २०१९ सालीं "गुण आहेत, पण उपयोग नाहीं" म्हणून कायमचा मोडीत काढला असता तर टोकियोही नाहीं आणि राजगीरही नाहीं. उलट, लाडानें संघांतच बसवून ठेविला असता तर? माझा समज असा कीं, मग तो आणखी बिघडला असता.

वगळणारे नेहमीं शहाणेच असतात असेंही नव्हे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा आपला संघ आठवा. त्यांत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज अशीं आपल्या कानांस घरचीं वाटावींत अशीं नांवें होतीं. रॉड्रिग्ज खेळूं न शकल्यामुळें अर्जेंटिनाविरुद्ध बलबीर सिंग नांवाच्या तरुणास संधि मिळाली, आणि त्यानें एकट्यानें ६ गोल केले. एवढें करूनही पुढील सामन्यांत त्यास बाहेर बसविलें! लंडनमधील भारतीय विद्यार्थी त्यासाठीं उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्याकडे गेले, असें बलबीर यांनीं स्वतः सांगितलें आहे. १२ ऑगस्ट रोजीं वेंब्ली येथील अंतिम सामन्यांत तो उतरला, आणि ब्रिटनवरील ४–० विजयांतले पहिले दोन गोल त्यानें केले. निवडमंडळांत बसणाऱ्या प्रत्येकानें ही हकीकत आपल्या टेबलाच्या कांचेखालीं ठेवावी.

घराजवळचें उदाहरण हवें असेल तर येथून दौंडमार्गें पुण्यास जाणारी गाडी मुंबईकडे निघाली कीं शिवाजीनगरापुढें खडकी लागते. तेथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींत १९६८ सालीं धनराज पिल्ले जन्मले. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन चिखलांत खेळले. वडील भाऊ रमेश यांनीं त्यांस मुंबईस नेलें, महिंद्राच्या संघांत जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखालीं ते घडले, आणि १९८९ पासून देशासाठीं खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, आणि त्यांत पदक एकही नाहीं. १९९० च्या लाहोर विश्वचषकांत आपण दहावे, १९९२ च्या बार्सिलोनांत सातवे, १९९६ च्या अटलांटांत आठवे. केवळ फळावरून झाड तोडावयाचें तर हें झाड केव्हांच तोडलें गेलें असतें. तें राहिलें, म्हणून १९९८ सालीं बँकॉक येथें त्यांच्या नेतृत्वाखालीं ३२ वर्षांनीं आशियाई सुवर्णपदक मिळालें. आणि गंमत पहा, सुवर्ण मिळाल्यावर त्यांस व आणखी सहा ज्येष्ठ खेळाडूंस बाहेर ठेविलें! विश्रांती दिली असें कारण सांगण्यांत आलें; सामन्यांचे पैसे मिळाले नाहींत म्हणून बोलल्याची ती शिक्षा होती, असें लोक समजले. कारण खरें सांगितलें नाहीं म्हणजे लोक आपल्या मनाचें कारण शोधून काढतात, आणि बहुधा तेंच टिकतें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या इंदापूर तालुक्यांत डाळिंबाच्या बागा आहेत. बहार धरावयाचा म्हणजे काय करतां, हें मीं तुम्हांस सांगावयास नको. पाणी तोडतां. झाडास ताण देतां. पानें पिवळीं पडतात, गळतात. परक्या माणसास वाटावें, बाग गेली. मग छाटणी, मग खत, मग बेताबेतानें पाणी, आणि झाड फुलावर येतें. बारमाही पाणी पाजलेलें झाड हिरवेंगार दिसतें, पण बहार एकसारखा धरीत नाहीं. परंतु ताण किती दिवस द्यावयाचा हें रान पाहून ठरतें: हलक्या मुरमाड रानांत थोडे दिवस, भारी काळ्या रानांत अधिक. आणि ताण देऊन जो बागाईतदार परगांवीं निघून जातो व बागेंत फिरकत नाहीं, त्यास बागाईतदार कोण म्हणेल? आम्हीं त्या पोरग्यास ताण दिला आणि परत पाणी द्यावयास गेलोंच नाहीं.

तेव्हां माझें मत विचाराल तर असें. संघांत ठेवणें आणि अकरांत ठेवणें या दोन गोष्टी आपण एक समजतों, तेथें घोटाळा होतो. अकरांतील जागा कोणाच्याही मालकीची नाहीं. बाहेर ताटकळणाऱ्या चार मुलांपैकीं एकास ती पुढील सामन्यांपासून द्यावी. त्यांच्यावर अन्याय करून या एकावर दया करणें हें मला मान्य नाहीं. संघांतून मात्र त्यास काढूं नये. सरावास त्यानें यावें, मुलांच्या लहान संघाबरोबर खेळावें, आणि मोजावयाचें तें गोल नव्हे: चेंडू गमावल्यावर तो किती वेळां मागें धांवला, हें कोणीतरी वहींत लिहून ठेवावें. मुदतही ठरवावी. नाताळपर्यंत पाहूं, असें म्हटलें तर नाताळपर्यंतच पाहावें. त्यानंतरही तो कमरेवर हात ठेवूनच उभा राहिला तर त्यास निरोप देण्यास माझी हरकत असणार नाहीं, आणि त्या मतास मी हात वर करीन.

कोणी म्हणेल, एका खेळापायीं एवढा खटाटोप कशाला? २०११ सालीं चीनमध्यें ऑर्डोस येथें आशियाई चँपियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध विजयाचा पेनल्टी गोल मुंबईच्या युवराज वाल्मीकीनें केला. त्यानंतर दक्षिण मुंबईतील त्याच्या लहानशा घरांत प्रथम विजेचा दिवा लागला. संघांतील एक जागा म्हणजे कोणाच्या घरीं काय असतें, हें यादी करणाऱ्यास बहुधा ठाऊक नसतें.

आतां एकच काम राहिलें. हें सर्व त्या मुलास सांगावयाचें कोणीं? फळ्यानें नव्हे. संघनायकानें त्याच्या घरीं जावें, ओसरीवर बसावें, आणि तोंडावर सांगावें: काय चांगलें आहे, काय नाहीं, वाट कोठून आहे. संघनायक वयानें लहान आहे आणि असें बोलणें जड जातें, हें मी जाणतों. म्हणून मीं परतीचें तिकीट रविवारचें काढलें आहे. शनिवारीं सायंकाळीं तो तयार असेल तर मी त्याच्याबरोबर येईन.